गोणपाटाचं शीड

थंडीत पाचगणीला माणूस राहत नाही. राहतात ती माकडं, आणि ज्यांना घरून कुणी बोलावलेलं नाही असे शिक्षक. डिसेंबर उजाडला की आमची मुलींची शाळा बंद होते, ट्रंका मोटारींच्या टपांवर चढतात आणि सगळं गाव दुलई ओढून झोपतं. गेल्या थंडीत मीही निघाले, पण वाईला घरी राहायला नाही. मी निघाले नाव हाकायला शिकायला, आणि तेही कोकणात नव्हे, पलूसकडच्या उसाच्या मुलखात. ऐकून आईनं कपाळाला हात लावला. "एवढे पैसे घालून शिकवली, आता नावाडीण हो," म्हणाली.

कारण सांगते. आमच्या एका मुलीच्या वडिलांनी शाळेला एक छोटी शिडाची होडी देऊ केली होती, महाबळेश्वरच्या तळ्यात मुलींना शिकवण्यासाठी. आमच्या मुख्याध्यापिका मडमबाईंनी सभेत विचारलं, "हे शिकून घ्यायला कोण तयार आहे?" सगळे चपला न्याहाळू लागले. तेवढ्यात आमचे ड्रिलमास्तर हसून म्हणाले, "शीड म्हणजे काय दोरीवर परकर वाळत घालणं आहे? बायकांचं काम नाही ते." झालं! माझा हात आपोआप वर गेला. मी भूगोल शिकवते. व्यापारी वारे, अक्षांश, रेखांश सगळं मला तोंडपाठ. फक्त नावेत म्हणून कधी बसले नव्हते. आमच्या वाईची कृष्णा थंडीत गुडघाभर. घाटाच्या पायरीवर बसून पाय बुडवले की झाला आमचा जलविहार.

कोकणात परक्यांच्या घरी आई पाठवीना. पण पलूसपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी शिरटेक नावाच्या गावात माझे मामा वैद्यकी करतात. तिथं नदीला डोह आहे, डोहावर तर आहे, म्हणजे माणसं ने-आण करणारी मोठी नाव आहे. मडमबाईंनी एक इंग्रजी पुस्तक दिलं, शीड हाकण्याचं, त्यात समुद्राची चित्रं होती. ते ट्रंकेत घातलं आणि निघाले.

सातारा

लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. चालतात म्हणजे उतारावर चालतात. चढ आला की ड्रायव्हर मागं वळून अतिशय अदबीनं म्हणतो, "मंडळी, जरा पाय मोकळे करा," आणि मंडळी उतरून ढकलतात. वाई ते सातारा मी निम्मी वाट पायीच केली म्हणायला हरकत नाही, आणि तिकीट मात्र पुरं.

साताऱ्यात काकांकडे मुक्काम केला. काका निवृत्त सुभेदार, मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. मी काय शिकायला चालले ते ऐकून ते हसतील असं वाटलं होतं. ते उठले, पेटी उघडली आणि पितळेचं एक होकायंत्र माझ्या हातावर ठेवलं. "वाळवंट काय नि पाणी काय, खुणा नसल्या की दोन्ही सारखीच. घेऊन जा. फक्त आईला सांगू नकोस, मी दिलं म्हणून." सुभेदारही माझ्या आईला भितात, हे मला त्या दिवशी कळलं.

शिरटेक

आगगाडीतून उतरून बैलगाडीनं निघाले तेव्हा सकाळ होती आणि दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. गुऱ्हाळं पेटली होती. आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारायची पद्धत आहे, आणि पाहुण्यानं "आत्ताच झाला" म्हणायची. इकडे विचारत नाहीत. वाटेतल्या गुऱ्हाळावर गाडीवान थांबला, तर एका बाप्यानं नुसतं "आलात व्हय? बसा," म्हणून माझ्या हातात गरम काकवीची वाटी आणि शिळी भाकरी ठेवली. मी कोण, कुठली, हे त्यानं वाटी रिकामी झाल्यावर विचारलं.

मामा वैद्य असल्यामुळे त्यांना सगळीकडे कफ दिसतो. "पाण्यावरचा वारा! थंडीचे दिवस! छाती भरेल," म्हणत त्यांनी मला रोज सकाळी आलं-मिऱ्याचा असा काढा पाजला की त्यापुढे कृष्णेत बुडणं परवडलं. मामी शहाणी. तिनं कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा समोर ठेवला आणि म्हणाली, "खाऊन घे. बुडायचंच तर भरल्या पोटानं बूड." अशी वांगी वाईला नाहीत. माझ्या गावावर माझा जीव आहे, पण खरं ते खरं.

डोहावरची ती तर चालवत होती काशी. वय माझ्याहून कमीच, पंचविशीच्या आतलं. कासोटा घट्ट, दंड पैलवानासारखे, आणि जीभ दंडांहून बळकट. तिचा नवरा पलटणीत, इटलीच्या आघाडीवर. सासरा पावसाळ्यात वारला, आणि तेव्हापासून वल्हं हिच्या हातात आलं. मी घाटावर जाऊन माझा हेतू सांगितला तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाई, तुमाला पवाय येतं?"

"नाही."

"मग आदी त्ये शिका. नाव मागनं."

"थंडीत?"

"नदीला काय ठावं, थंडी हाय का ऊन हाय ते!"

दोन दिवस तिनं माझ्या कमरेला वाळके भोपळे बांधून मला डोहात सोडलं. मामांना कळू नये म्हणून मी केस घाटावरच उन्हात वाळवत असे. तिसऱ्या दिवशी तिनं वल्हं दिलं.

वल्हं मारणं म्हणजे पाणी मागं ढकलायचं, नाव पुढं जाते. माझी नाव जागच्या जागी गोल फिरली. बाजाराला निघालेली एक म्हातारी कोंबडी कवटाळून बसली होती. ती म्हणाली, "काशे, मला पैलतीराला जायाचं हाय गं, परदक्षिना न्हाई घालायची." सगळी नाव हसली. मीही हसले. पण हाताला फोड आले होते ते काही हसत नव्हते.

संध्याकाळी उतारू संपले की आम्ही दोघी घाटावर हुरडा खात बसायचो. काशीनं एकदा तिथंच आपली गोष्ट सांगितली. शिरटेकला दत्ताची पालखी आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला पहाटे ती नावेतून समोरच्या मळवाडीच्या देवळाला जाते आणि दुपारी परत येते. ज्याच्या हातून पालखी जाऊन-येऊन पार होते, वर्षभर तर त्याची आणि दोन्ही गावांचं धान्यही त्यालाच. आजवर कुणा बाईनं पालखीच्या नावेचं सुकाणू धरलेलं नाही. आणि तिचा चुलत दीर म्हादू टपून बसला होता.

"पाटील म्हनत्यात, बघ बाई, झेपलं तर तुझी. पालखी देवळाचा घाट सोडून दुसरीकडं लागली, न्हाईतर माघारी आली न्हाई, तर म्हादूची." तिनं हुरड्याचं फोल फुंकून टाकलं. "त्ये तिकडं गोळ्या खात्यात. परत आलं, आन् आपली नाव दुसऱ्याच्या दारात बांदल्याली दिसली, तर मी काय तोंड दावू? आन् मी तरी काय करू, बाई? मला दुसरं काय येतंय? मला हेच येतंय, आन् हेच आवडतंय."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. मला ते फार लागलं. नोकरी करणाऱ्या बाईला विचारा, ते वाक्य मोठ्यानं म्हणायला किती धीर लागतो.

डोहावर

कृष्णेवर शीड कुणी वापरत नाही. काशीनंही कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे त्या विषयात आम्ही दोघी सारख्याच अडाणी. माझ्याकडे पुस्तक होतं एवढंच. थंडीत तिकडं सकाळी नऊच्या पुढं उगवतीचा वारा सुटतो, मळवाडीकडून शिरटेककडे. वारा फुकट, आणि फुकटची वस्तू सोडायची नाही हा आमच्या दोघींचाही स्वभाव.

पण कापड आणायचं कुठून? कापडाचं रेशन. मामीकडे धोतर मागितलं तर तिनं मामांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी अंगावरचं सावरून धरलं. शेवटी पाटलांच्या गुऱ्हाळातून गुळाची जुनी गोणपाटं आणली आणि दाभणानं शिवली. एका बांबूची डोलकाठी केली, दुसरा आडवा बांधला. शीड तयार झालं. दिसायला ते परकरासारखं मुळीच नव्हतं, ड्रिलमास्तरांना मी मुद्दाम कळवणार होते.

मळवाडीच्या काठावरून शीड वर ओढलं, आणि वाऱ्यानं ते फुगवलं मात्र, नाव अशी सुटली की काशीच्या तोंडून "अगं आई गं!" आणि माझ्या तोंडून एक इंग्रजी शब्द बाहेर पडला. काय सुख ते! ना वल्हं, ना घाम. पाणी नावेखाली खळखळतंय आणि आपण नुसतं बसायचं. मी पुस्तकातली चित्रं आठवत ऐटीत बसले होते. तेवढ्यात उन्हानं गूळ पाघळला आणि शिवणींतून मुंगळे बाहेर पडले. एक दोन नव्हे, अख्खं वऱ्हाड. ते डोलकाठीवरून खाली उतरले आणि थेट माझ्या लुगड्यात शिरले.

"शीड उतरवा, बाई! काठ आला!"

मी दोरीकडे धावले. दोरी सुटेना. मीच बांधलेली, न सुटणारी, चांगली पक्की निरगाठ. नाव शिरटेकच्या घाटावरून पुढं, सरळ म्हशींच्या पाणवठ्यावर. म्हशी बाजूला झाल्या, एक सोडून. तिनं आमच्याकडे शांतपणे पाहिलं, आणि आम्ही तिच्या पाठीशीच जाऊन थांबलो. काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे पिळे हातातच राहिले. काशीनं कोयत्यानं दोरी तोडली, मग कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "बाई, आमी म्हस बांदताना बी सुरगाठ मारतो. वडली की सुटती. तुमच्या पुस्तकात म्हस न्हाई व्हय?"

पुस्तकात म्हैस नव्हती. त्या दिवसापासून आमच्या नावेत निरगाठ बंद झाली आणि गोणपाटं दोनदा धुतली.

होकायंत्रावर मात्र काशीचा पहिल्यापासून जीव जडला. ते तळहातावर घेऊन ती अंगणात गोल गोल फिरायची. "लय हट्टी हाय गं ही सुई. माझी सासू अशीच व्हती. कितीबी फिरवा, त्वांड एकाच बाजूला." शिरटेकच्या घाटावरून मळवाडीचं देऊळ सुईच्या कुठल्या खुणेवर येतं ते आम्ही ठरवून ठेवलं. मग एकदा खेळ म्हणून तिनं डोळ्यांवर पदर बांधला, सुकाणू धरलं, आणि मी सुई पाहून सांगत गेले. देवळाच्या पायरीला नाव अलगद टेकली. काशीनं पदर सोडला आणि टाळ्या पिटल्या. मला वाटलं, आता कुठला म्हादू आणि कुठलं काय!

पौर्णिमा

पहाटे घाटावर आले तो नदीच नव्हती. धुकं! पांढरं, ओलं, दाट. हात लांब केला तर बोटं दिसेनात. पालखी नावेत ठेवलेली, गुरव, पाटील, चारसहा मानकरी, आणि वल्ह्यांवर म्हादूचे दोन मेहुणे. हे दोघे मळवाडीच्या खालच्या आळीतले. म्हादूही खांद्यावर घोंगडं टाकून येऊन बसला होता, भाऊबंद म्हणून.

"ऊन पडूस्तवर थांबाय पायजे," म्हादू म्हणाला.

"उन्हाच्या आत पालखी टेकाय पायजे, ही रीत हाय," पाटील म्हणाले. "काशे, काय म्हंतीस?"

"जायाचं," काशी म्हणाली, आणि मला हात देऊन आत घेतलं.

डोहात पाण्याला ओढ नाही. दहा वल्ह्यांत काठ नाहीसा झाला आणि वर, खाली, मागं, पुढं सगळं एकच. मी कंदिलाशी सुई धरली. सुई उत्तर सोडून भलतीकडेच पाहत होती. थरथरली, आणि थेट पालखीकडे वळून उभी राहिली.

"सुईनं देवाला नमस्कार क्येला!" गुरव ओरडला. सगळ्यांनी हात जोडले. "देवच वाट दावतुया! सुई सांगंल तिकडं घ्या!"

देवाशेजारी भलामोठा लोखंडी त्रिशूळ उभा होता. सुई नमस्कार करत होती ती त्याला. मी म्हटलं, "अहो, हा त्रिशूळ जरा पलीकडे धरा." गुरवानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी देवालाच सरकायला सांगितलं होतं. त्रिशूळ देवाच्या उजव्या हातालाच राहणार, रीत! मग मीच उठले. माणसांच्या मांड्यांवरून, "माफ करा, माफ करा," करत नावेच्या अगदी टोकाला जाऊन गुडघ्यांवर बसले. सुई पुन्हा शहाणी झाली. मी तिथून ओरडायची, "वरच्या अंगाला!" "आता सरळ!" आणि मागून काशीचं "व्हय!" येई.

निम्म्यात आलो आणि घंटा वाजू लागली. देवळाची. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तोच दुसरीकडून दुसरी घंटा! मळवाडीच्या खालच्या आळीची ही जुनी हौस, पालखी आधी आपल्या मारुतीला लागावी. आणि त्यांची घंटा मोठी, बडवणारेही तगडे. मेहुण्यांची वल्ही आपोआप तिकडं झुकली.

"मोठी घंटा देवळाची! तिकडं घ्ये!" म्हादू ओरडला.

"बाई!" धुक्यातून काशीचा आवाज आला. "सुई काय म्हन्ती?"

दोन्ही घंटा कानांत घणघणत होत्या. मी सुईकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी माझा सुईवरचा विश्वास उडाला होता. पण काशीचं सगळं माझ्या शब्दावर होतं, आणि घंटेला मेहुणे असतात, सुईला नसतात. "वर! अजून वर!" मी ओरडले. काशीनं सुकाणू दाबलं. थोड्या वेळानं धुक्यातून एक काळी पायरी पुढं आली, मग दुसरी, मग दिवा. देऊळ! मी तिथंच टोकावर बसून रडले, आणि लोकांना वाटलं भक्तीनं.

पण म्हादू कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आरती होताच तो पाटलांपुढे उभा राहिला. "पालखी आनली कुनी? सुईनं. सुई कुनाची? मास्तरनीची. मग काशीचं ह्यात काय हो?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. न्यायी माणूस, आणि न्यायी माणसाचा मला त्या घटकेइतका राग कधी आला नाही. "खरं हाय. जाताना बाईंनी हात दिला. येताना काशीनं एकटीनं न्यायची. सुई न्हाई, मास्तरीनबाई न्हाई. बाई, तुमी हितंच थांबा."

माझी मदत तिच्याच मुळावर आली होती. काशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी धुकं गेलं, वारा उठला, आणि पालखी नावेत चढली तेव्हा दोन्ही मेहुणे गायब. खालच्या आळीत जेवायला गेलेत म्हणे. बाईच्या हाताखाली पुन्हा वल्हं मारणार नाहीत. म्हादू हाताची घडी घालून नावेत बसला होता. जड नाव, वल्ह्यांवर कुणी नाही. मी पायरीवर उभी राहून ओठ चावत होते. ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं नव्हतं.

काशीनं नावेच्या तळातून गोणपाट ओढून काढलं. बांबू उभा केला. देवाला हात जोडले आणि दोरी ओढली. शीड फडफडलं, फुगलं, आणि दत्ताची पालखी, पाटील, गुरव, त्रिशूळ, म्हादू, सगळे निघाले. गुरवाचं मुंडासं उडालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पलीकडचा घाट जवळ येऊ लागला. गाठ! मी मनात म्हटलं, काशे, सुरगाठ ना गं? शीड फुगलेलंच होतं. मग घाटावरच्या गर्दीनं सगळं झाकून टाकलं आणि मला पुढचं काही दिसलं नाही.

मी वाट पाहत बसले. ढोल वाजत होते, पण ढोल कुणासाठीही वाजतात. मळवाडीच्या एका बाईनं पिठलं-भाकरी आणून दिली, ती तशीच हातात धरून बसले. मला न्यायला नाव येणार होती. आता जो ती घेऊन येईल, वर्षभर तर त्याची.

उन्हं कलली तेव्हा पलीकडून नाव सुटली. वारा समोरून, म्हणून शीड नव्हतं. एकच माणूस, डोक्यावरून घोंगडं घेतलेलं, वल्हं मारतंय. म्हादूच्या खांद्यावर सकाळी घोंगडं होतं. मी उभी राहिले. नाव हळूहळू जवळ आली, पायरीला टेकली, आणि घोंगडं मागं सरलं.

"आवं, बगताय काय अशा? चढा की!"

मी तिला मिठी मारायला गेले आणि निम्मी पाण्यात गेले. तिनंच दंडाला धरून वर ओढलं. डोळे पुसत मी सवयीनं पुढं झाले, दुसरं वल्हं उचललं. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"त्ये ठिवा," काशी म्हणाली. "तुमी बसा. नाव माझी हाय."